वाटेत वाळलेली भाकरी

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या मधून एक ओढा वाहत होता. ओढ्याच्या अलीकडे वरची आळी, पलीकडे खालची आळी, आणि दोन्हींच्या मध्ये, लाकडी साकवाच्या तोंडाशी, एक छोटंसं दगडी चर्च. चर्चची घंटा वरच्या आळीनं दिलेली, छपराच्या तुळया खालच्या आळीनं. त्यामुळे देवाच्या घरी वेळेवर यायचं तर वरच्या आळीचे उपकार आणि आल्यावर डोकं कोरडं ठेवायचं तर खालच्या आळीचे, असं जुनी माणसं गमतीनं म्हणत. जोवर ही गंमत होती तोवर गावाचं बरं चाललं होतं.

त्या चर्चमध्ये एक नवे पाळक आले. माणूस सालस, अंगानं किरकोळ, आणि स्वभावानं भारी चौकस. पेटीची एक पट्टी मुकी का, तिसऱ्या बाकाचा एक पाय आखूड का, घंटा तीनदाच का वाजवायची, असं ते सारखं विचारत. बहुतेक प्रश्नांना "आमच्या आज्यापासून तसंच आहे," एवढंच उत्तर मिळे. पाळकसाहेबांना स्वर्गाच्या दारात नेऊन उभं केलं तरी ते आधी बिजागऱ्या कुणी बसवल्या ते विचारतील, असं लोक आपापसात म्हणू लागले. पण ते प्रेमानं म्हणत.

आता त्या मंडळीत एक जुनी रीत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, पाळकांनी मोडलेल्या एकाच भाकरीतला घास सगळी मंडळी घेत, आणि त्या दिवशीची भाकरी गावातच होई. त्यासाठी घरोघरी ज्वारीच्या पिठाची एक मूठ बाजूला काढत. शनिवारपर्यंत सगळ्या मुठी चर्चच्या मडक्यात जमा होत. चर्चच्या मागच्या पडवीत एक चूल होती. रविवारी सकाळी वरच्या आळीतली सलोमीबाई तिथं पीठ मळून भाकरी थापायची आणि खालच्या आळीतली राहेलबाई ती भाजायची. एकीची थाप, दुसरीची आच. वीस वर्षं हे असं चाललं होतं. कुणाच्या घरचं पीठ भाकरीच्या कुठल्या घासात आलं, हे कुणाला सांगता येत नसे, आणि सांगायची कुणाला गरजही वाटत नसे.

पण पाळकांच्या पहिल्या प्रभुभोजनाचा रविवार उजाडला तेव्हा पडवीतली चूल थंड होती. तिच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं होतं. आत मेजावर दोन ताटं, दोन रुमालांखाली दोन भाकऱ्या.

पाळकांनी थोरल्या पंचांना विचारलं. थोरले पंच खालच्या आळीचे. ते छपराकडे बघत म्हणाले की तीन वर्षं झाली, असंच आहे. बायकांचं काहीतरी आहे. वरच्या आळीच्या पंचांना विचारलं, तर ते म्हणाले, खालच्या आळीला विचारा. त्या दिवशी पाळकांनी दोन्ही ताटांतली भाकरी मोडली. वरच्या आळीनं एका ताटातली घेतली, खालच्या आळीनं दुसऱ्या ताटातली. एका मेजावर दोन पंगती उठल्या. 

मग त्यांची चौकशी सुरू झाली. भांडण कशाचं, हे त्यांनी दिसेल त्याला विचारलं आणि आठवड्याभरात तेरा कारणं गोळा केली. कुणी म्हणालं मीठ जास्त पडलं होतं, कुणी म्हणालं उसना नेलेला तवा परत आला नाही. एकानं तर एका कोंबडीची एवढी लांबलचक हकीगत सांगितली की पाळकांना वाटलं, सापडलं. मागाहून कळलं, ती कोंबडी भांडणानंतर वर्षभरानं जन्मली होती.

तेव्हा ते त्या दोघींच्याच घरी गेले. सलोमीबाई उंच, धिप्पाड, बोलणं फोडणीसारखं तडतडणारं. राहेलबाई विधवा, शांत, मोजकं बोलणारी. चहा दोघींनी दिला. भांडणाचं कारण मात्र दोघींनी सांगितलं नाही. "तिला ठाऊक आहे," एवढंच दोघी म्हणाल्या. आता दोघींचं उत्तर एकच आहे म्हटल्यावर दोघींना एकमेकींसमोर बसवायला हवं होतं, हे आपल्याला कथा ऐकताना लगेच कळतं. पाळकांना कळलं नाही. आपण मध्ये पडलो तर भांडण मिटेल, असं त्यांना वाटलं, आणि ते खरंच मध्ये पडले.

त्यांनी एक युक्ती काढली. सलोमीबाईनं आपल्या घरी भाकरी थापायची, राहेलबाईनं आपल्या घरी तवा तापवायचा, आणि मधलं अंतर पाळकांनी चालायचं. कुणाला कुणाचं तोंड बघायला नको, आणि मेजावर भाकरी मात्र एकच. दोघी लगेच कबूल झाल्या. इतक्या लगेच की पाळकांना तेव्हाच शंका यायला हवी होती.

पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी सकाळी सगळा गाव ओढ्याकाठी उभा राहिला. पांढरा झगा घातलेले पाळकसाहेब, हातात परात, परातीत थापलेली भाकरी, असे ते जपून जपून साकवावरून निघाले. भाकरी तव्यावर पडली आणि मधोमध चिरली. मेजावर आली तेव्हा ती अगोदरच मोडलेली होती. मंडळी एकमेकांकडे बघू लागली. काहींना तर तो अपशकुनच वाटला.

राहेलबाई म्हणाली, हिला आता थापता येत नाही वाटतं. पाळकांनी ते सलोमीबाईला जसंच्या तसं सांगितलं. सलोमीबाई म्हणाली, तिनं तवाच तापवला नसेल, आळशी मेली. पाळकांनी तेही जसंच्या तसं पोहोचवलं. खरं तेच बोलावं, अशी त्यांची शिकवण होती. पण त्या खऱ्यानं असा भडका उडाला की दोन्ही आळ्यांतल्या बायकांनी पाणवठेसुद्धा वेगळे केले. मग पाळक घाबरले आणि निरोपात पदरचा गूळ घालू लागले.

एकदा राहेलबाई फार उदास दिसली, तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "सलोमीबाई म्हणत होत्या, माझं चुकलं."

राहेलबाईनं मान वर केली. तीन वर्षांत कुणी तिच्या चेहऱ्यावर असा उजेड पाहिला नव्हता. पाळकांना इतका आनंद झाला की त्यांनी आणखी एक खडा टाकला. येत्या गुरुवारी त्या बहुतेक येतील तुमच्याकडे, म्हणाले. परत जाताना त्यांनी सलोमीबाईच्या दारात डोकावून तिला सांगितलं की राहेलबाई रोज तुमच्यासाठी प्रार्थना करतात. त्यांना वाटलं, दोन्हीकडची माती आता ओली झाली, उगवायचं ते आपोआप उगवेल.

उगवलं ते भलतंच. राहेलबाईनं गुरुवारी अंगण सारवलं, गूळ-शेंगदाण्याचे लाडू केले आणि दिवसभर साकवाकडे डोळे लावून बसली. सलोमीबाईला यातलं काहीच माहीत नव्हतं, ती कशाला येईल? उलट ती घरात चिडून बसली होती. माझ्यासाठी प्रार्थना करायला मी काय अंथरुणाला खिळलेय, की मी पापात पडलेय, असं तिनं अख्ख्या वरच्या आळीला विचारून झालं होतं. दिवस कलला तेव्हा राहेलबाईनं लाडूंचं ताट शेळीपुढं ठेवलं आणि थोरल्या पंचांना निरोप धाडला की यापुढे त्या बाईनं थापलेल्या भाकरीला माझा तवा लागणार नाही.

आणि मग गोष्ट हाताबाहेर गेली. बारा दिवसांवर उपकारस्तुतीचा सण आला होता. त्या दिवशी लोक नवं धान्य, भोपळे, कणसं घेऊन येतात आणि वर्षातलं सगळ्यात मोठं प्रभुभोजन होतं. थोरल्या पंचांनी खालच्या आळीच्या वतीनं सांगितलं की त्या दिवशी मेजावर राहेलबाईची भाकरी मोडली नाही, तर आम्ही आमच्या तुळया काढून चिंचेखाली वेगळं चर्च बांधू. वरच्या आळीनंही तेच सांगितलं, फक्त नाव सलोमीबाईचं आणि तुळयांऐवजी घंटा. म्हणजे पाळकांनी कुठलीही भाकरी हातात घेतली तरी अर्धी मंडळी उठून जाणार होती. एका चर्चला घंटा नसेल आणि दुसऱ्याला छप्पर. आपण आलो तेव्हा मेजावर दोन भाकऱ्या होत्या, आणि आता दोन मेजं होणार, हा विचार काही पाळकांना जेवू देईना.

सणाला चार दिवस उरले तेव्हा एका दुपारी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसले. पाळकीणबाई भाकऱ्या थापत होत्या. बराच वेळ बघून झाल्यावर पाळकांचा मूळ स्वभाव जागा झाला. त्यांनी विचारलं, "तुझी भाकरी चिरत नाही. त्यांची का चिरली?"

 पाळकीणबाईंनी परात नवऱ्यापुढं सरकवली. पिठात आधणाचं पाणी घालायला लावलं, तळहातानं रगडून मळायला लावलं, थापायला लावलं. भाकरी म्हणायची म्हणून भाकरी. तिचा आकार एखाद्या ओसाड बेटासारखा झाला होता. मग बाई म्हणाल्या, ही अशीच परातीत घेऊन ओढ्यापर्यंत जाऊन या.

पाळक गेले आणि आले. भाकरी तव्यावर टाकली, चिरली. बाईंनी पुन्हा थापायला लावली आणि या वेळी लगेच तव्यावर टाकायला लावली. तीही वेडीवाकडीच होती, पण अखंड राहिली आणि एका कडेला चांगली फुगलीसुद्धा. पाळक तिच्याकडे लहान मुलासारखे बघत राहिले.

"थापलेली भाकरी थांबत नाही हो," बाई म्हणाल्या. "वारं लागलं की वाळते, आणि वाळली की चिरते. मग थापणारी म्हणते तव्याचं चुकलं, तवेवाली म्हणते थापीचं चुकलं. चुकलेलं असतं मधल्या वाटेचं." आणि थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही साकवावरून नुसत्या भाकऱ्याच नेत होता, की आणखी काही?"

पाळक खाली बघू लागले. मग त्यांनी सगळं सांगितलं. माझं चुकलं हे सलोमीबाई म्हणाल्या नव्हत्या, गुरुवार आपणच ठरवला, प्रार्थना आपल्याच डोक्यातली. सांगताना त्यांना स्वतःची एवढी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं. पाळकीणबाईंनी त्यांना बोल लावला नाही की त्यांची समजूत घातली नाही. चूल विझली होती, ती त्यांनी पुन्हा फुंकून पेटवली आणि ती वेडीवाकडी भाकरी त्यांना दुधात कुस्करून दिली.

पुढचे दोन दिवस पाळकांचा स्वतःशीच झगडा चालला. खरं सांगितलं तर पाळक म्हणून काय किंमत राहील? व्यासपीठावरून खरेपणा शिकवणारा माणूस घरोघरी खोटे निरोप वाटत होता, हे कळल्यावर पंच वरिष्ठांना लिहितील आणि आपल्याला बिऱ्हाड उचलावं लागेल. नाही सांगितलं तर कुणाला काही कळणार नाही. चर्च दोन होतील, पण त्याचा दोष त्या दोघींच्या माथी जाईल. हे दुसरं जास्त सोपं होतं. सोपं होतं म्हणूनच त्यांना ते गिळवेना.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी ते दोघींकडे गेले. एकीला दुसरीचं नाव न सांगता बोलवावं, असं एकदा मनात आलं होतं. पण गूळ घालायची सवय हीच, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी दोघींना सरळ सांगितलं की दुपारी पडवीतल्या चुलीपाशी या, ती दुसरीही असेल, आणि मला तुम्हा दोघींसमोर माझी एक चूक कबूल करायची आहे.

पाळक चूक कबूल करणार आहेत म्हटल्यावर कोण घरी बसेल? दोघी आल्या. चुलीच्या दोन बाजूंना, एकमेकींकडे पाठ करून बसल्या. आणि पडवीच्या भिंतीमागं अचानक इतक्या लोकांना काम निघालं की गवतावर पाय ठेवायला जागा राहिली नाही. थोरले पंचही होते. ते भिंतीचा दगड ढिला झाला आहे का ते बघत होते.

पाळक उभे राहिले. त्यांचा आवाज प्रवचनाला लागतो तसा लागेना.

"राहेलबाई, 'माझं चुकलं' असं सलोमीबाई कधीच म्हणाल्या नव्हत्या. ते मी माझ्या मनानं सांगितलं. गुरुवारी येतील, हेही मीच ठरवलं. त्यांना पत्तासुद्धा नव्हता. तुम्ही दिवसभर वाट बघितलीत ती माझ्या खोट्याची. आणि सलोमीबाई, राहेलबाई तुमच्यासाठी प्रार्थना करतात हेही मीच म्हणालो. मला वाटलं, मी भांडण मिटवतोय. मी ते वाढवलं. मला क्षमा करा."

सलोमीबाई गर्रकन वळली. "पाळक असून?"

"पाळक असून," पाळक म्हणाले.

 राहेलबाईही वळली, पण पाळकांकडे नव्हे. तीन वर्षांत पहिल्यांदा ती सलोमीबाईशी बोलली. "म्हंजे त्या गुरुवारचं तुला काहीच ठावं नव्हतं?"

"कसला गुरुवार? मला कोण सांगणार? मला तर ह्यांनी सांगितलं, तू माझ्यासाठी रोज प्रार्थना करतीस."

"म्या? तुझ्यासाठी?"

भिंतीमागं कुणीतरी फिसकन हसलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. दोघी पाळकांवर एकदमच चिडल्या होत्या, आणि एकाच माणसावर चिडलेल्या दोन बायकांना एकमेकींशी बोलायला फार कष्ट पडत नाहीत. पण राहेलबाईचा चेहरा पुन्हा मिटला. तिनं विचारलं, "तर मग तुला अजून वाटतच न्हाई, तुझं काही चुकलं म्हणून?"

"काय चुकलं ते तरी कळू दे की."

"माझं माणूस गेलं," राहेलबाई म्हणाली. "मातीवरनं आलो. कडू घास घेऊन सारा गाव दारात आला. ज्यांच्याशी आमचं येणं-जाणं नव्हतं ती माणसंसुद्धा आली. तू न्हाई आलीस. वीस वर्षं एका चुलीशी बसलो आपण, सलोमे. म्या दाराकडंच बघत व्हते."

त्या गावात घरात मृत्यू झाला की त्या घरची चूल पेटत नसे. शेजारीपाजारी अन्न घेऊन जात, त्याला कडू घास म्हणत. पाळकांनी जमवलेल्या तेरा कारणांत हे कारण नव्हतं. त्यांच्या जिभेवर चार प्रश्न आणि दोन सांत्वनाची वाक्यं आली. पण त्यांनी ती तिथंच धरून ठेवली, खाली बसले आणि चुलीतलं जाळं काढू लागले.

सलोमीबाईचा तडतडणारा आवाज एकदम खाली आला. "आले व्हते म्या," ती म्हणाली. "साकवापर्यंत आले व्हते. डोक्यावर पातेलं व्हतं. तिथं थोरले पंच भेटले. म्हणाले, घर माणसांनी भरलंय, अन्न उतू चाललंय, राहेलबाईला आता जरा पडू द्या; तुम्ही आल्या व्हत्या हा निरोप मी देतो. म्या माघारी फिरले. वाटलं, तू सांगावा धाडशील, तव्हा येईन. तू धाडला न्हाईस. मग मला यायची लाज वाटाया लागली. आन् लाजेचा राग कव्हा झाला ते माझं मलाच कळलं न्हाई."

"मला कुणी न्हाई सांगितलं," राहेलबाई म्हणाली.

 भिंतीमागून थोरले पंच पुढं आले. पागोटं हातात होतं. वेगळं चर्च बांधायची धमकी देणारा तो माणूस पडवीच्या पायरीशी उभा राहिला आणि म्हणाला, "सांगायचं राहिलं. त्या दिवशी शंभर कामं व्हती. नंतर आठवलं, तव्हा तुमचं बिनसलं व्हतं. मग सांगायचं धाडस झालं न्हाई."

  चांगल्या मनानं मध्ये पडलेला एक माणूस निरोप विसरला होता, आणि तितक्याच चांगल्या मनाच्या दुसऱ्यानं निरोप बनवले होते. दोघे एकमेकांकडे बघून खाली बघू लागले.

राहेलबाईनं पदरानं तोंड पुसलं. "पातेल्यात काय व्हतं?"

"पिठलं. लसणाचं, ठेचून घातलेलं. तुझ्या मालकांना आवडायचं तसं."

तेव्हा राहेलबाई रडली. तीन वर्षांपूर्वी रडायचं राहिलेलं काही त्यात होतं. सलोमीबाई चुलीला वळसा घालून तिच्याशेजारी जाऊन बसली, आणि काय करावं हे न सुचल्यामुळं मडक्यातलं जुनं पीठ हातात घेऊन बघू लागली. पिठाची विरी गेलीय, चिकटपणाच राहिला नाही, म्हणाली, असल्या पिठाची भाकरी चिरणार नाही तर काय होणार, उद्यासाठी घरोघरी ताज्या मुठी मागवा. राहेलबाई नाक ओढत म्हणाली की पिठाचं सांगू नको, आधी तुझ्या हाताचा जडपणा बघ. सलोमीबाईनं तव्याचा विषय काढला. दोघी भांडू लागल्या, आणि पाळकांना त्यात पडावंसं वाटलं नाही. हे भांडण जिथलं तिथं चाललं होतं.

रविवारी सकाळी पडवीतून धूर निघाला. मेजावर एकच ताट होतं, एकच रुमाल. भाकरीच्या एका कडेला करपल्याचा काळा डाग होता, कारण थापणारीनं घाई केली आणि भाजणारीचं बोलण्यात लक्ष होतं. पाळकांनी भाकरी मोडण्याआधी सगळ्या मंडळीसमोर आपली चूक पुन्हा सांगितली. वरच्या आळीतल्या दोघातिघांनी वरिष्ठांना कळवायची भाषा काढली, तेव्हा सलोमीबाई आणि राहेलबाई मिळून त्यांच्याकडे गेल्या. त्या दोघींना साकवावरून जोडीनं येताना बघूनच त्यांनी कागद-दौत आत ठेवली. पाळकांना शिक्षा मात्र झाली. दर पहिल्या रविवारी चूल फुंकायचं काम त्यांच्याकडे लागलं. राग एका दिवसात गेला, असंही कुणी समजू नये. राहेलबाईनं पुढं कितीतरी दिवसांनी सलोमीबाईला सांगितलं की अजून कधीकधी मनात कळ येते. सलोमीबाई म्हणाली, येईल तेव्हा मला सांग, पंचांना सांगू नको.

पाळकांचा चौकसपणा काही गेला नाही. पण त्यांची एक नवी सवय गावाच्या लक्षात आली. कुणी कुणाची तक्रार घेऊन आलं की ते ती शेवटपर्यंत ऐकत, पाणी देत, आणि एकच प्रश्न विचारत, "हे त्यांना सांगितलंत का?" समोरचा म्हणे, नाही, तुम्हीच सांगा ना. मग पाळक खुंटीवरची काठी काढत, वहाणा घालत आणि म्हणत, "चला, मीही येतो." निम्मी माणसं साकवापर्यंत जाऊन, एवढं काही मोठं नव्हतं म्हणत परत फिरत. उरलेली निम्मी पलीकडे जात, आणि पाळक त्यांच्याशेजारी, तोंड मिटून, बसून राहत.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: दोघांच्या मधला माणूस होण्यापेक्षा दोघांसोबतचा माणूस व्हावं, थापलेली भाकरी आणि मनातली गोष्ट दुसऱ्याच्या हाती धाडली की ती वाटेतच वाळते.